गुडघ्याच्या कूर्चेसाठी मूलपेशी आणि हायड्रोजेल: आत्ता करावं का?

रामबागवासी: आई ६४ वर्षांची. वाड्याचा जिना अंग बाजूला वळवून उतरते, भिंतीला हात लावत, एकेक पायरी. खाली पोचेपर्यंत तळहात चुन्याने पांढरा. डॉक्टर म्हणतात वाट्या बदला, ती ऐकत नाही. इंदूरच्याच एका क्लिनिकमध्ये पोटाच्या चरबीतल्या मूलपेशी (ज्यांच्यापासून इतर प्रकारच्या पेशी बनू शकतात) काढून गुडघ्यात टोचतात. कोरियात तर नाळेच्या रक्तातल्या मूलपेशी हायलुरॉनिक आम्लाच्या हायड्रोजेलमधून कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तरात, बसवायला २०१२ मध्येच मान्यता मिळाली. मग आपण का थांबायचं? करून घ्यावं असं माझं मत.

मल्हारगंजची फिजिओ: दादा, घाई करू नका. कोरियात सांधा उघडून, खड्डा साफ करून जेल बसवतात. ते भिजवलेल्या साबुदाण्यासारखं पाणी धरून ठेवतं आणि पेशी जागेवर राहतात. नुसत्या टोचलेल्या पेशींना कोण धरणार? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या सूचनांप्रमाणे रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर वैद्यकीय चाचणीबाहेर (क्लिनिकल ट्रायलबाहेर) मूलपेशी वापरायच्याच नाहीत. चाचणी आहे म्हणाले तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा.

जुनी इंदूरचे काका: ताई, सगळ्यांना एका माळेत ओवू नका. २०२२ मध्ये आपल्याच औषध महानियंत्रकांनी गुडघ्याच्या संधिवातासाठी अस्थिमज्जेच्या मूलपेशींच्या इंजेक्शनला परवानगी दिली, तीही सांधा न उघडता. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, ती आपणहून भरून येत नाही. वाट बघत बसलात तर शेवटी वाटीच.

मल्हारगंजची फिजिओ: काका, परवानगीचं मान्य. पण ती तपासून, मोजून भरलेली कुपी. क्लिनिकवाला चरबी कशी धुतो, हे कोणी पाहिलंय? शिवाय या पेशी कूर्चा बनता बनता हाडाच्या वाटेला लागतात, नाहीतर तंतुमय कूर्चा बनते. मूळचा गुळगुळीतपणा तिला नाही.

स्टेडियमवाला: मी ३१ वर्षांचा. क्रिकेट खेळताना नाण्याएवढी कूर्चा निघाली. माझ्याच कूर्चेच्या पेशी वाढवून बसवल्या. स्वीडनच्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये मांडलेली पद्धत. दोन ऑपरेशनं, सहा आठवडे कुबड्या. आज धावतो. पण माझा एकच खड्डा होता, भोवती धड कूर्चा होती. दादा, तुमच्या आईची सगळीच झिजली असेल तर जेल कशाच्या आधाराने बसणार?

रामबागवासी: खड्डा आणि झीज यातला फरक आम्हाला कोणी सांगितलाच नव्हता. एक्स-रे पाहून डॉक्टर ‘हाडाला हाड लागतंय’ म्हणाले होते. उद्या क्लिनिकमध्ये क्रमांक विचारतो. तरी काकांचं म्हणणं डोक्यातून जात नाही. आई ऑपरेशनला तयार नाही, आणि जिना रोजचा आहे.