दवाखान्यातला पुकारा यंत्राकडे सोपवावा का?

नेत्रवैद्य, अमळनेर

अमळनेरला माझे डोळ्यांचे छोटे रुग्णालय आहे. अलीकडून पारोळा-धरणगावचे आणि तापीपलीकडून चोपडा-शिरपूर भागातले रुग्ण येतात, बाजाराच्या दिवशी हा आकडा शंभराच्या वर जातो. आजवरची पद्धत अशी की कंपाउंडर तपासणीच्या दाराशी उभा राहून आडनाव पुकारतो. 'पाटील' असा पुकारा झाला की बाकांवरचे चार-पाच जण एकदम उठतात, मग कोणते पाटील, कोणत्या गावचे, अशी विचारणा होते, आणि गावही जुळले तर 'ते काचबिंदूवाले ना?' हा खुलासा सगळ्या हॉलसमोर होतो. ज्या माणसाने आपला आजार घरीही पुरता सांगितलेला नसतो, त्याला तो तिथे उभ्या उभ्या मान्य करावा लागतो.

म्हणून स्वयंचलित पुकारा बसवण्याचे माझ्या मनात आहे. नोंदणीच्या खिडकीवर टोकन छापून मिळेल, हॉलमध्ये एक टीव्ही आणि एक स्पीकर असेल, आणि मी टेबलावरचे बटण दाबले की 'टोकन क्रमांक अमुक, खोली क्रमांक दोन' असा ध्वनिमुद्रित मराठी आवाज येईल. डोळ्यांच्या दवाखान्यात प्रत्येक रुग्ण एकदाच आत येत नाही. आधी नजर तपासायची, मग बाहुली मोठी होण्यासाठी थेंब टाकायचे, वीस ते तीस मिनिटे बसवायचे आणि पुन्हा आत घ्यायचे. थेंब टाकलेले कोण, न टाकलेले कोण, कोणाची वेळ झाली, हे सगळे आज एका माणसाच्या स्मरणावर चालते, आणि तो माणूस एक दिवस रजेवर गेला की दवाखाना कोलमडतो. माझे मत यंत्राच्या बाजूचे आहे, परंतु पैसे गुंतवण्यापूर्वी विरोधातले म्हणणे नीट ऐकावे असे वाटते.

जुना कंपाउंडर, पाचोरा

बावीस वर्षे मी हेच काम करत आलो आहे, त्यामुळे माझे म्हणणे पोटासाठी आहे असे कोणी म्हटले तरी मी ते नाकारणार नाही. पण डॉक्टरसाहेब, ज्यांच्या डोळ्यांत आपण थेंब टाकतो, त्यांनाच त्या टीव्हीवरचा आकडा दिसणार नाही. थेंबानंतर जवळचे अक्षर चार-चार तास धूसर दिसते, मग हातातल्या चिठ्ठीवरचा बारीक आकडा वाचून तो पडद्यावरच्या आकड्याशी जुळवायचा कोणी? आमच्याकडे वयस्कर बायका चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधून ठेवतात. ती गाठ सोडून चिठ्ठी बाहेर काढीपर्यंत घामाने आणि तेलकट बोटांनी त्या गुळगुळीत कागदावरची शाई पुसट झालेली असते.

मी आडनाव पुकारतो तेव्हा माझी नजर बाकांवर असते. कोण भिंत धरून उठते आहे, कोणाबरोबर आलेला नातू चहाला गेला आहे, कोणाला एका कानाने ऐकू येत नाही, हे मला दिसते. मग मी पुन्हा ओरडत नाही. जवळ जातो, खांद्याला हात लावतो आणि 'माय, तुना नंबर उना, मझार चाल' असे म्हणतो. प्रमाण मराठीतला ध्वनिमुद्रित आवाज ऐकून ती माय जागची हलणार नाही, कारण तो आवाज आपल्याला उद्देशून आहे असे तिला वाटणारच नाही.

आश्रमशाळा शिक्षक, सातपुड्याचा पायथा

कंपाउंडरदादांविषयी आदर राखूनच मी त्यांना विरोध करतो, कारण त्यांच्यासारखी माणसे प्रत्येक दाराशी नसतात.

पाड्यावरच्या लोकांना दवाखान्यात नेताना मी अनेकदा दुभाषा म्हणून जातो. गेल्या उन्हाळ्यात एका वृद्ध गृहस्थांना जिल्ह्याच्या ठिकाणी एका दवाखान्यात नेले होते. पहाटेच्या पहिल्या एसटीने निघून आम्ही नऊच्या आधी नाव नोंदवले. त्यानंतर मी मोजत बसलो, आमच्या मागून आलेले अकरा जण आमच्या आधी आत गेले. कोणी दाराशी येऊन एका पुढाऱ्याचे नाव घेतले, कोणी कंपाउंडरच्या गावचे निघाले, कोणी नुसताच मोठ्या आवाजात बोलला. मी विचारायला गेलो तेव्हा 'पावरा ना? आत्ताच तर पावरा आत गेले' असे उत्तर मिळाले. त्या दिवशी तिथे बसलेल्यांत पावरा आडनावाचे सात जण होते. आमचा नंबर लागला तेव्हा दोन वाजून गेले होते. परतीची गाडी चुकली, मुक्काम पडला आणि सोबत आलेल्या मुलाची दोन दिवसांची मजुरी बुडाली.

आडनाव पुकारणारा माणूस ते गाळूही शकतो, आणि गाळले याचा पुरावा कुठेही राहत नाही. पडद्यावर एकतीसनंतर एकेचाळीस आला तर न शिकलेल्या माणसालाही मधले नऊ कुठे गेले हे विचारता येते. आपुलकीने खांद्यावर हात ठेवणाऱ्याची मला किंमत आहे, पण माझ्या पाड्यावरच्या माणसाच्या वाट्याला तो हात क्वचितच येतो, आणि म्हणून त्याला आधी क्रम हवा आहे.

निवृत्त गणित शिक्षिका, धुळे

यंत्र बसवा अथवा बसवू नका, परंतु आकडे कसे पुकारणार हे आधी ठरवा. मराठीत शंभरपर्यंतच्या जवळजवळ प्रत्येक संख्येला स्वतंत्र नाव आहे, आणि ती नावे कानाला फार जवळची आहेत. सदुसष्ट आणि अडुसष्ट, एकोणचाळीस आणि एक्केचाळीस, त्रेपन्न आणि त्रेसष्ट हे शब्द पंख्याच्या घरघरीत आणि लहान मुलांच्या रडण्यात वेगळे ऐकू येणे चांगल्या कानालाही अवघड आहे. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'साठ दोन' अशी वाचनपद्धत दिली तेव्हा राज्यभर वाद झाला. मी स्वतः त्या पद्धतीच्या विरोधात होते आणि आजही आहे, कारण भाषेतले शब्द मुलांकडून काढून घेऊ नयेत असे मला वाटते. पण दवाखाना ही शाळा नव्हे. तिथे 'सदुसष्ट, सहा सात' असे पूर्ण नाव आणि लगेच सुटे अंक, दोन्ही सावकाश म्हणावेत. पूर्ण नावावरून जुन्या पिढीला कळेल आणि सुट्या अंकांवरून चिठ्ठीवरचा आकडा जुळेल.

यंत्रणा बसवणारा, जळगाव

बाईंचे म्हणणे कामाच्या अनुभवाशी जुळते. इंग्रजीत 'फोर्टी' आणि 'सेव्हन' असे तुकडे जोडून संख्या तयार होते. मराठीत ते जमत नाही, त्यामुळे एक ते शंभर हे सगळे आकडे एकाच माणसाने, एकाच लयीत म्हणून मुद्रित करावे लागतात. बहुतेक ठिकाणी हे टाळून परदेशी धाटणीचा तयार आवाज लावतात, आणि मग लोक यंत्राला नावे ठेवतात. तो आवाज इथल्या अहिराणी बोलीत का असू नये? शंभर आकडे आणि दहा वाक्ये, एका दुपारचे काम आहे.

थेंबांचा प्रश्नही सुटतो. थेंब टाकले की तो क्रमांक 'थांबवलेले' या वेगळ्या रांगेत जातो आणि ठरलेली मिनिटे झाली की डॉक्टरांना सूचना येते. पडद्यावर मात्र नाव अजिबात दाखवू नका, फक्त आकडा दाखवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संगणकात भरलेले रुग्णाचे नाव ही वैयक्तिक माहिती आहे आणि ती जपण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. टीव्ही, प्रिंटर आणि संगणक तिन्ही इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर मे महिन्यात वीज गेली की रांग आणि रांगेची आठवण दोन्ही जातील.

परिचारिका, नंदुरबार

क्रमाविषयी इतके बोलणे झाले, पण क्रम मोडावा लागतो तेव्हा काय, हे कोणी लिहिले नाही. मी सामान्य आजारांच्या बाह्यरुग्ण विभागात काम करते. आमच्याकडे टोकन सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांनी एक शेतकरी छातीवर हात दाबून, घामाघूम होऊन चुपचाप बसलेला मला दिसला. त्याच्या हातात चौतीस क्रमांक होता आणि पडद्यावर बारा होता. त्याला विचारले तेव्हा 'नंबर यायचा आहे' इतकेच तो म्हणाला. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी आल्यापासून दहा मिनिटांत निघायला हवा, आणि तो माणूस पाऊण तास शिस्तीत बसून होता. पूर्वी दाराशी माणूस असता तर तो निदान दाराशी येऊन बोलला तरी असता. यंत्र घेणारे दवाखाने पुष्कळदा त्याचा खर्च भरून काढायला दाराशी असलेला माणूस कमी करतात, आणि माझा विरोध नेमका तिथे आहे. डोळ्यांच्या दवाखान्यातही अचानक नजर गेलेला किंवा डोळ्यात चुना उडालेला माणूस टोकन घेऊन बसता कामा नये.

नेत्रवैद्य, अमळनेर

चुना उडालेल्या डोळ्याला पहिल्या मिनिटापासून भरपूर पाण्याने धुणे हाच उपचार आहे, त्यामुळे परिचारिकाताईंचा मुद्दा मला निरुत्तर करतो. खिडकीवर टोकन देण्यापूर्वी 'काय झाले, कधीपासून' हे दोन प्रश्न विचारणारी व्यक्ती मी ठेवीन आणि तातडीच्या रुग्णाला टोकनच देणार नाही. कंपाउंडरला कमी करण्याचा विचार माझ्या मनात नव्हता. दारावरून मोकळा झालेला माणूस बाकांमध्ये फिरावा असेच मला वाटते. मात्र शिक्षकमहोदयांनी सांगितलेल्या त्या अकरा जणांनंतर क्रम पुन्हा माणसाच्या तोंडी ठेवायला मी तयार नाही. माझ्या दवाखान्यात असे घडत नसेल, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

जुना कंपाउंडर, पाचोरा

माणूस बाकांमध्ये फिरणार असेल तर माझा अर्धा विरोध मावळतो. उरलेला अर्धा एका प्रश्नापुरता आहे. पुकारा झाला आणि कोणी उठले नाही, तर तो क्रमांक किती वेळ धरायचा? मी वऱ्हांड्यात, नळावर, रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत शोधायला जातो. यंत्र पुढचे बटण दाबले की पुढे जाईल.

यंत्रणा बसवणारा, जळगाव

हे तुम्ही ठरवाल तसे होते. तीन वेळा पुकारूनही कोणी आले नाही तर क्रमांक रद्द न करता दर पाच रुग्णांनंतर तो आपोआप पुन्हा पुकारला जाईल, अशी सोय करता येते. पण टपरीपर्यंत जायचे काम तुमच्याकडेच राहील. त्यासाठी हुकलेल्या क्रमांकांची यादी तुमच्या मोबाईलवर यावी, एवढे डॉक्टरांनी सुरुवातीलाच मागून घ्यावे.