मदत हवी आहे: कोच खेळवत नाही, प्लेऑफ तोंडावर, सेंटरला ठेवू की सोडू?

मंडळी, इथे फँटसी बास्केटबॉलवाले कोणी आहेत का? क्रिकेटवाल्यांनी वाचलं तरी चालेल, दुखणं ओळखीचंच वाटेल.

कॉलेजच्या दहा मित्रांची आमची एनबीए फँटसी लीग आहे, खऱ्या मॅचमधल्या खेळाडूंच्या आकड्यांवर चालणारी. निम्मे पुण्यात, बाकीचे न्यू जर्सी आणि टोरोंटोला. हेड-टू-हेड (दर आठवड्याला दोघांची टक्कर), नऊ कॅटेगरी (पॉइंट, रिबाउंड, ब्लॉक वगैरे, जास्त कॅटेगरी जिंकेल त्याचा आठवडा), लाइनअप रोज बदलता येते. माझ्याकडे दुसऱ्या वर्षाचा एक सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच गडी) आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, लीगमधले दोघं इथे वाचत असतात.

परवाचंच सांगतो. मार्चात तिकडची घड्याळं पुढे गेल्यापासून न्यूयॉर्कची साडेसातची मॅच आपल्याकडे पहाटे पाचला असते. बायको झोपलेली, मोबाइल म्यूट, मी ओट्याशी चहाचं आधण ठेवून स्कोअर बघतोय. पोराने पहिल्या हाफमध्ये १४ मिनिटांत ११ पॉइंट, ७ रिबाउंड, ३ ब्लॉक काढले. चहा उतू गेला तरी मी खूश. तिसरा क्वार्टर सुरू झाला आणि दोन मिनिटांत चौथा फाऊल. कोचने बाहेर बसवलं ते बसवलंच. अरे, खेळाडू बाद होतो सहाव्या फाऊलला! समोरच्यांनी बुटकी लाइनअप लावली म्हणून यानेही लावली. एकूण १६ मिनिटं. ब्लॉकमध्ये मी एकाने मागे पडलो आणि आठवडा ५-४ ने गेला. त्याआधीच्या मॅचला याच पोराला ३१ मिनिटं दिली होती. काय समजायचं?

कोचला माझ्या लीगशी देणंघेणं नाही, कबूल. नोव्हेंबर २०१२ मध्ये स्पर्सचा तेव्हाचा कोच पॉपोविच याने मायामीच्या मॅचआधी डंकन, पार्कर, जिनोबिली आणि ग्रीनला सरळ घरी पाठवलं होतं. स्पर्सला अडीच लाख डॉलर दंड झाला, पण विश्रांतीची पद्धत काही थांबली नाही. २०२३-२४ पासून मोठ्या पुरस्कारांसाठी ६५ सामन्यांची अट आली, पण तिचा धाक स्टार मंडळींना. माझ्या पोराला कोण पुरस्कार देतंय!

सोमवारपासून आमचे प्लेऑफ. वेव्हरवर (कुणीच न घेतलेल्या खेळाडूंच्या यादीत) एक म्हातारा फॉरवर्ड आहे, मिळमिळीत, पण रोज ३० मिनिटं खेळतो. अदलाबदल करू का? सेंटर सोडला की न्यू जर्सीवाला त्याच मिनिटाला उचलणार, ही दुसरी धास्ती.

प्रतिसाद १: पॉइंट राहू द्या, अटीतटीच्या मॅचमध्ये शेवटची पाच मिनिटं कोण कोर्टवर असतं ते बघा. कोचचा भरवसा तिथे कळतो. आणि दोघांच्या टीम टेबलात कुठे आहेत?

धागाकर्ता: पोराची टीम दहाव्या जागेसाठी, म्हणजे प्लेऑफच्या शेवटच्या संधीसाठी, झगडतेय. म्हाताऱ्याची तळाला.

प्रतिसाद १: मग म्हाताऱ्याच्या वाटेला जाऊ नका! तळाच्या टीमला आता जिंकण्यापेक्षा ड्राफ्टमधला (नवे खेळाडू निवडण्यातला) वरचा नंबर हवा असतो. मार्च २०२५ मध्ये स्टार खेळाडू मार्कानेनला बसवल्याबद्दल युटाच्या टीमला एक लाख डॉलर दंड झाला होता. तुमचा म्हातारा पुढच्या आठवड्यात गुडघा दुखतो म्हणून कोट घालून बाकावर दिसेल.

प्रतिसाद २: सहमत. सेंटर ठेवा. पण तो बसतो तेव्हा आत कोण येतं? ती मिनिटं कुणाला तरी मिळतातच ना. त्याला उचला, म्हणजे कोचने कसंही केलं तरी थोडं तुमच्याच पदरात.

धागाकर्ता: हे सुचलंच नव्हतं. एक फॉरवर्ड येतो, वेव्हरवर मोकळाच आहे. पण जागा नाही हो. एक गार्ड तीन आठवडे जखमी आहे, आशेवर धरून ठेवलाय.

प्रतिसाद २: तुमच्या लीगमध्ये जखमींसाठी वेगळा स्लॉट नाही?

धागाकर्ता: आहे. रिकामा आहे.