नवव्या मजल्याच्या छज्ज्याखाली आग्या मोहोळ, कमिटी स्प्रे मारायच्या बेतात, काय करू?

घोडबंदरवाली:
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला मानपाड्याच्या पुढे राहतो, मागे येऊरचा डोंगर. आमच्या बी विंगला नवव्या मजल्यावर डक्टशेजारच्या छज्ज्याखाली डिसेंबरपासून मधमाश्यांचं पोळं आहे, आधी ताटाएवढं होतं आता सुपापेक्षा मोठं झालंय, लांबून बघितलं तर काळं कांबळं वाळत घातलंय असं वाटतं आणि मधेच त्या कांबळ्यावरून सर्रकन एक लाट जाते. मी आठव्यावर, म्हणजे बरोबर खाली. आमच्या घरात आजवर कोणाला एकही माशी चावलेली नाही हे आधीच सांगते.

पण ग्रुपवर रोज तक्रारी. एकाच्या नव्या पांढऱ्या गाडीवर पिवळे ठिपके पडतायत आणि ते धुतले तरी जात नाहीत, समोरच्या काकूंच्या बाल्कनीत रोज सकाळी दहा-पंधरा मेलेल्या माश्या, आणि लहान मुलं खाली खेळतात हा मुद्दा आहेच. पेस्ट कंट्रोलवाला येऊन बघून गेला, ४ हजार सांगितले, वर म्हणे "मध तुम्हीच ठेवा". रविवारी मीटिंग आहे. मी ग्रुपवर मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल असं आइन्स्टाइन म्हणाला होता तो फॉरवर्ड टाकला तर एकाने उत्तर दिलं, "तोवर माझी गाडी तरी स्वच्छ राहू दे".

तर हे पोळं पेटीत घालून दुसरीकडे नेता येतं का? आपोआप जातात का, आणि कधी? आणि मीटिंगमध्ये बोलू काय, कारण "मधमाशी वाचवा" म्हटलं की सगळे मोबाईलमध्ये बघायला लागतात.

येऊरकर:
ताई तुम्ही वर्णन केलंत त्यावरून १०० टक्के आग्या. उघड्यावर एकच मोठं पोळं लटकवणारी आपल्याकडची सगळ्यात मोठी मधमाशी तीच. पेटीत ती राहत नाही, पेटीत राहते ती सातेरी, जी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत अंधारात एकापुढे एक पोळी बांधते. आग्याला पेटी दिलीत तर दुसऱ्या दिवशी उडून जाईल, त्यामुळे "शिफ्ट करून देतो" म्हणणारा भेटला तर पैसे देऊ नका.

आपोआप जातात का, तर हो, आग्या फिरस्ती आहे. पावसाळा संपला, फुलोरा आला की येते, आणि बहुतेक वेळा पाऊस तोंडावर आला की निघते. म्हणजे तुमचा प्रश्न तीन-साडेतीन महिन्यांचा आहे. सध्या येऊरला सावर आणि पळस फुललाय, पुढे करंज, जांभूळ येईल, त्यांचं जेवणाचं ताट तिकडे आहे, तुमची इमारत फक्त राहायला. कड्याला लटकायची सवय, आता बिल्डर लोकांनी कडेच बांधून दिलेत तर ती तरी काय करणार.

गाडीवरचे पिवळे ठिपके म्हणजे त्यांची शी आहे. हजारो माश्या एकदम उठतात आणि हवेत पोट मोकळं करतात. हसू नका, १९८१ मध्ये अमेरिकेने रशियावर आग्नेय आशियात "पिवळा पाऊस" नावाचं रासायनिक अस्त्र वापरल्याचा जाहीर आरोप केला होता, आणि पुढे हार्वर्डच्या मॅथ्यू मेसेल्सन वगैरेंनी तिथे जाऊन तपासलं तर त्या ठिपक्यांत परागकण निघाले, म्हणजे हीच शी. तुमच्या गाडीवाल्याला सांगा, तुझ्या बॉनेटवर शीतयुद्ध पडलंय. दोन महिने गाडीला कव्हर घाल म्हणावं.

मेलेल्या माश्या लाइटमुळे. आग्या चांदण्यात पण उडते आणि ट्यूबलाइट दिसली की भुलून येते, रात्रभर आपटून आपटून मरते. बी विंगच्या त्या बाजूच्या सात ते दहा मजल्यांनी संध्याकाळनंतर बाल्कनीतला लाइट बंद ठेवला, खिडकीला पडदे ओढले आणि मच्छरजाळी लावली की काकूंची तक्रार निम्मी संपेल.

वाशीचा_बाळ्या:
स्प्रे मारू देऊ नका बुवा, आमच्याकडे मारलाय म्हणून सांगतोय. नवी मुंबईतलीच सोसायटी, नाव नको. त्या माणसाने संध्याकाळी सहाला मारला, म्हणजे अर्ध्या माश्या अजून बाहेरच होत्या, त्या परत आल्या तर घर नाही, मग सगळ्या जिन्यातल्या लाइटला चिकटल्या. ज्यांच्यावर औषध पडलं त्या लगेच मेल्या नाहीत, लॉबीत, जिन्यावर सरपटत होत्या, आणि मेलेल्या माशीचा काटा पण लागतो हे मला त्या दिवशी कळलं, कारण माझ्या पुतण्याचा अनवाणी पाय पडला. पोळं सांभाळायला कोणी उरलं नाही तर मध गळायला लागला, खालच्या तीन मजल्यांच्या एसीच्या युनिटवर, मग मुंग्या, मग आतली पिल्लं कुजून वास. आणि वॉचमन तो मध डब्यात भरत होता! औषध मारलेला मध!! कसाबसा थांबवला.

आणि एवढं करून पुढच्या हिवाळ्यात त्याच जागी दुसरं पोळं.

निवृत्त_पण_जागा:
सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझ्या साडूंना गावी अशाच आग्या माश्या उठून चावल्या, तीसेक डंख, दोन दिवस आयसीयूत होते, नशीब म्हणून वाचले. कुठल्या तरी पोराने दगड मारला होता, साडूंचा काहीही संबंध नव्हता. निसर्गप्रेम ठीक आहे पण ज्याच्या डोक्यावर पोळं आहे त्याला विचारा. सोसायटीत म्हातारी माणसं आहेत, कोणाला ॲलर्जी असेल, उद्या काही झालं तर जबाबदार कोण, सेक्रेटरीच ना? मी स्वतः सेक्रेटरी होतो सहा वर्षं, लोक नंतर कोणाला धरतात ते मला माहीत आहे.

खारघरची_माशीवाली:
काकांचं बरोबर आहे आणि ते उडवून लावू नका. आग्या उठली तर खरंच जीव जाऊ शकतो. पण ती उगाच उठत नाही, उठवावी लागते, आपल्याकडे "मोहोळात दगड मारणे" हा वाक्प्रचार असाच नाही आलाय.

मी पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन संस्थेत छोटा कोर्स केलाय, गणेशखिंड रोडला, १९६२ पासूनची संस्था आहे. घरी पेट्या नाहीत, फ्लॅटमध्ये कुठे ठेवणार, पण वेड आहे. तर मीटिंगमध्ये सगळ्यात आधी विचारा की त्या विंगमध्ये डंखाची ॲलर्जी कोणाला आहे. आधी कधी माशी चावून चेहरा सुजलाय, श्वास लागलाय असं कोणी असेल आणि त्याची खिडकी पोळ्याला लागून असेल तर पोळं हलवायलाच हवं, त्यात वाद नको. पण तेही स्प्रेने नाही, जाणता माणूस बोलवायचा, तो अंगभर कपडे-जाळी घालून रात्री हलका धूर देऊन माश्या उठवतो आणि त्या दुसरीकडे जातात. मेळघाटच्या बाजूला मध काढणारे नुसता वरचा मधाचा भाग कापतात, खालचा पिल्लांचा ठेवतात, माश्या तिथेच राहतात. मशाल लावून अख्खं पोळं जाळायची जुनी पद्धत म्हणजे एका डब्यासाठी पूर्ण वसाहत खलास.

असं कोणी नसेल तर नियम साधे. फटाके नाही, खाली कचरा जाळायचा नाही, झुल्यावरून रंगकाम किंवा काच धुणं तीन महिने बंद, आणि ड्रोन नाही (फ्लॅट विकणारे हल्ली व्हिडिओ काढायला ड्रोन घेऊन येतात ना, त्यांना गेटवरच सांगा). आणि हो, होळी! तुमची होळी कुठे पेटते? बी विंगच्या खाली असेल तर ती जागा बदला, धूर सरळ वर जाणार.

माशी चावलीच तर हात झटकत उभं राहायचं नाही, तोंड झाकून सरळ घरात, दार बंद. त्या डंखाला केळ्यासारखा वास असतो, तो बाकीच्यांना बोलावतो, म्हणून एक चावली की तिथून निघायचं. काटा नखाने किंवा कार्डाने लगेच खरवडून काढा, कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला ते महत्त्वाचं. साबण-पाणी, बर्फ. खूप डंख असतील किंवा श्वास लागला तर घरगुती उपाय बास, हॉस्पिटल.

आता तुमच्या फॉरवर्डबद्दल. ते वाक्य आइन्स्टाइनचं असल्याचा पुरावा कुठेच नाही, त्यामुळे हसले ते चांगलंच झालं. माणूस संपणार वगैरे बोलू नका, भात-गहू-ज्वारीला मधमाशी लागत नाही, पोटभर जेवू आपण. पण ताटात नुसता भात राहील. काकडी, दोडकी, दुधी, भोपळा, कलिंगड, मोहरी, कांद्याचं बी, सगळ्याला माशी लागते. जगातल्या मुख्य पिकांपैकी साधारण ७५ टक्के पिकं थोडीफार तरी परागकण वाहून नेणाऱ्या अशा जीवांवर अवलंबून आहेत. तुमच्याकडे टेरेसवर दुधी लावणारं कोणी असेलच, त्यांना विचारा छोटी दुधी पिवळी पडून का गळतात.

आणि घट होतेय ती नेमकी कोणाची हे पण बघा. पेटीतल्या युरोपियन माश्या माणूस वाढवतो, त्यांच्या पेट्या जगात कमी नाही झाल्यात, वाढल्यात. हाल आहेत ते जंगली माश्यांचे, ज्यांचा मालक कोणी नाही. आपली सातेरी १९९० च्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने दक्षिणेत अशी झोपली की पेट्याच्या पेट्या रिकाम्या झाल्या. त्यात शेतातली औषधं, त्यातली काही निओनिकोटिनॉइड प्रकारची कीटकनाशकं तर युरोपने २०१८ मध्ये उघड्या शेतात वापरायला बंद केली. आणि आपल्याकडे सोसायटीच्या बागा, सगळी हिरवळ आणि शोभेची पामं, मधमाशीच्या दृष्टीने वाळवंट. एक तुळस मंजिऱ्या न खुडता ठेवून बघा, सकाळी किती येतात.

घोडबंदरवाली:
बाप रे, एवढं सगळं लिहिलंत, थँक यू. होळी बरोब्बर बी विंगच्याच खाली पेटते!! डोक्यातच नव्हतं आलं. आणि दुधी लावणाऱ्या म्हणजे खुद्द सेक्रेटरींच्या मिसेस. बघते.

निवृत्त_पण_जागा:
मीटिंगच्या मिनिट्समध्ये लिहून घ्या काय ठरलं ते. तोंडी काही ठेवू नका.

घोडबंदरवाली:
अपडेट. मीटिंग दीड तास चालली, त्यातला एक तास पार्किंगवर. ॲलर्जीचं पहिल्यांदा विचारलं, कोणीच हात वर केला नाही, मग वातावरण जरा थंड झालं. वाशीच्या दादांची एसीवर मध गळण्याची गोष्ट सांगितली तेव्हा मात्र सातव्या-आठव्या मजल्याचे सगळे एका सुरात "नको तो स्प्रे". बाकी परागीभवन वगैरे मी बोलले, दुधीच्या मुद्द्यावर सेक्रेटरींच्या मिसेस म्हणाल्या की त्या गेली दोन वर्षं ब्रशने एका फुलाचे परागकण दुसऱ्या फुलाला लावतायत, माश्या असूनही, कारण टेरेसवर त्यांनी गेल्या वर्षी कसलं तरी औषध मारलं होतं. मी गप्प बसले, त्यांचं त्यांनाच समजलं.

मे अखेरपर्यंत थांबायचं ठरलं. होळी गेट नंबर २ पाशी, झाडांपासून लांब. गाडीवाल्याचा निषेध नोंदवलाय (हो काका, मिनिट्समध्ये). नोटीस माझ्या मुलीने आणि तिच्या मैत्रिणींनी बनवली, चौथीत आहेत, "वर आग्या राहतात, लाइट बंद करा" असं मोठ्या अक्षरात. फक्त चित्र नेटवरून बघून काढलं ते गांधीलमाशीचं निघालं, येऊरकर बघतील तर रागावतील.

येऊरकर:
रागावत नाही. पण बदला. ती लाट बघितलीत ना पोळ्यावरची, ती गांधीलमाशीला घाबरवायलाच काढतात. शत्रूचा फोटो दारावर लावलाय तुम्ही.

घोडबंदरवाली:
मे चा तिसरा आठवडा. गेल्या. मंगळवारी सकाळी चहा घेताना वर बघितलं तर कांबळं नाही, नुसतं पिवळट रिकामं पोळं, एका बाजूने तुटलेलं. कधी गेल्या ते कोणालाच कळलं नाही. पूर्ण सीझनमध्ये दोघांना एक-एक डंख, एक मी, कपडे काढताना टॉवेलमध्ये बसलेली होती. मुलगी रुसलीय कारण तिने २० मे ला जागतिक मधमाशी दिन म्हणून खाली मुलांना जमवून पोळं दाखवायचं ठरवलं होतं. आता कमिटी विचारतेय की रिकामं पोळं ठेवायचं की काढायचं?

खारघरची_माशीवाली:
तिला सांग रिकामं पोळं दाखव, त्यातली षटकोनी घरं जवळून बघता येतील अशी संधी परत नाही. जागेचं म्हणाल तर त्या जुन्या ठिकाणी परत येतात, त्यामुळे खिडकीला अगदी लागून नको असेल तर हीच वेळ, खरवडून साफ करा आणि छज्ज्याला आतून जाळी मारा, एकही माशी न मारता काम होतं. टाकीच्या बाजूला, जिथे कोणाची खिडकी नाही, तिथे मात्र जाळी नका लावू.

घोडबंदरवाली:
टाकीच्या बाजूचं ठरलं. गाडीवाला विचारतोय त्या बाजूला पार्किंग कोणाचं आहे.