मदत हवी आहे: ८ महार, जाफना १९८७. बाबांच्या पलटणीची माहिती कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी,

माझे बाबा ८ महारमध्ये, म्हणजे महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीत शिपाई होते आणि १९८७ ला भारताच्या शांतिसेनेबरोबर (आयपीकेएफ) लंकेत गेले होते, एवढं घरात सगळ्यांना माहीत आहे पण त्यापुढे काहीच नाही, कारण ते त्याबद्दल बोलायचेच नाहीत. आता ते नाहीत. ट्रंकेत त्यांचं डिस्चार्ज बुक, पदकं आणि चारपाच जवानांचा एक फोटो सापडला, फोटोच्या मागे पेनने नुसतं 'जाफना' लिहिलंय, म्हणजे उत्तर लंकेतलं शहर.

मला मुख्य शोधायचंय ते मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्याबद्दल. बाबांनी पेपरातला त्यांचा फोटो कापून बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लावला होता आणि दर २५ नोव्हेंबरला न चुकता हार घालायचे. मेजरसाहेब जन्माने मुंबईचे, एस.आय.ई.एस. कॉलेजात शिकलेले, १९७२ ला कमिशन मिळून महार रेजिमेंटमध्ये आले. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री उशिरा सर्च ऑपरेशनवरून परतताना त्यांच्या तुकडीवर दबा धरून अँबुश झाला, तर ते माणसं घेऊन वळसा घालून तमिळ अतिरेक्यांच्या (एलटीटीई) पाठीमागून त्यांच्यावर तुटून पडले, हातघाईत छातीत गोळी लागली तरी समोरच्याचीच रायफल हिसकावून त्याला मारलं आणि शेवटच्या श्वासापर्यंत ऑर्डरी देत राहिले. पाच अतिरेकी ठार, तीन रायफली आणि दोन रॉकेट लाँचर मिळाले. मरणोत्तर परमवीर चक्र, शांतिसेनेतलं एकमेव आणि महार रेजिमेंटचंही एकमेव.

हे सगळं नेटवर आहे पण फक्त मेजरसाहेबांचं आहे, त्यांच्या मागे जे जवान धावले त्यांचं कुठेच नाही. माझा प्रश्न एवढाच की बाबा त्या रात्री त्या तुकडीत होते का, हे कळायचा काही मार्ग आहे का?

महार रेजिमेंट म्हटलं की आपल्याकडे कोरेगावचा स्तंभ, बाबासाहेबांचे प्रयत्न, १९४१ ला बेळगावात उभी राहिलेली पहिली पलटण इथपर्यंत सगळे भरभरून बोलतात आणि बोलायलाच पाहिजे, पण लंकेचा विषय कोणी काढत नाही याचं मला फार वाईट वाटतं. भारत-श्रीलंका करार टिकवायला म्हणून पाठवलेली पोरं दोनअडीच महिन्यांत दुसऱ्या देशाच्या यादवीत लढायला लागली, हजाराच्या वर परत आलीच नाहीत, आणि मार्च १९९० ला शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा तिथले मुख्यमंत्री स्वागतालाही गेले नाहीत. मग बाबा काय बोलणार होते?

कोणाच्या घरचं ८ महारमध्ये होतं का? प्लीज सांगा.

प्रतिसाद १

ताई, माझे मामा १ मराठा म्हणजे जंगी पलटणीत होते, तेही जाफन्याला. ५ मद्रास, ८ महार आणि १ मराठा एकाच ९१ ब्रिगेडमध्ये होत्या, ५४ डिव्हिजन. जुलै १९८७ च्या शेवटी करार झाल्या झाल्या सिकंदराबादवरून ही डिव्हिजन उचलली. मामा सांगतात की आधी लोक हार घालत होते आणि ऑक्टोबरमध्ये त्याच गल्ल्यांत रस्त्यात पेरलेले सुरुंग फुटायला लागले, घराघरातून स्नायपर. जाफना शहर घेताना खूप माणसं गेली.

आता कामाचं. महार रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस सागरला आहे, मध्य प्रदेशात. बाबांचा आर्मी नंबर, नाव, रँक, पलटण लिहून आईंच्या सहीने अर्ज पाठवा, पेन्शनच्या कागदाची झेरॉक्स जोडा. शीट रोलची, म्हणजे त्यांच्या नोकरीच्या नोंदींच्या कागदाची नक्कल मागा. त्यात कधी कुठे पोस्टिंग होतं, जखमी झाले होते का, कुठलं पदक, हे येतं. पण कुठल्या रात्री कुठल्या गस्तीवर होते ते शीट रोलमध्ये नसतं, ते पलटणीच्या वॉर डायरीत (कारवायांच्या नोंदवहीत) असलं तर असतं.

प्रतिसाद २

अर्जाचं काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून करा, त्यांना फॉरमॅट माहीत असतो. आणि कागदांपेक्षा माणसं शोधा असं मी म्हणेन. महार रेजिमेंटचे माजी सैनिक विदर्भात, कोकणात, साताऱ्याकडे भरपूर आहेत, १९८७ ला विशीत असलेले आता साठीच्या आसपास आहेत म्हणजे अजून भेटतील. दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकावर शहिदांची नावं पलटणीसकट कोरलेली आहेत, त्यात २५ नोव्हेंबरला गेलेले ८ महारचे कोण ते बघा आणि त्यांच्या गावाकडून सुरुवात करा. डिस्चार्ज बुकात कंपनीचं नाव दिसतंय का?

धागाकर्ती

खूप खूप आभार दोघांचेही. कंपनीच्या रकान्यातली शाई उडालीय, पण पदकांत विशेष सेवा पदक आहे आणि त्याच्या रिबिनीवरच्या पट्टीवर काहीतरी कोरलंय, उजेडात नीट बघून टाकते. अर्ज आईच्या नावाने याच आठवड्यात पाठवते. १ मराठावाल्या दादा, तुमच्या मामांशी फोनवर बोलता येईल का? फोटोतलं कोणी ते ओळखतात का तेवढं विचारायचंय.