मदत हवी आहे: साग्नेच्या खोल तूर्तिएरमध्ये रस्सा किती आणि कधी घालायचा?

कॅनडातल्या क्युबेकचा तूर्तिएर, म्हणजे पारीत भाजलेला मांसाचा पाय (pie), करतेय. आधीच सांगते, खिम्याचा, लवंग-दालचिनीवाला चपटा पाय नको. साग्ने–लाक-सँ-जाँ भागातला हवाय: खोल भांड्यात मांस-बटाट्याचे तुकडे, वर-खाली पारी, तासन्‌तास मंद आच. दोन्हींचं नाव एकच, शिवाय भाजायच्या भांड्यालाही तेच म्हणतात; त्यामुळे शोधायला जावं तर भलत्याच पाककृती हाती लागतात.

सध्याचं प्रमाण: पोर्क आणि बीफ मिळून दीड किलो, बटाटे दीड किलो, 3 कांदे. तुकडे दीड सेंटिमीटरचे. मांसाला मीठ-मिरी-कांदा लावून रात्रभर फ्रीजमध्ये. 5 लिटरचं झाकणाचं बिडाचं भांडं, पारी लार्डची (डुकराच्या चरबीची), 5 मिलिमीटर जाड. 180 अंशांवर तासभर, मग 120 वर 6 तास, शेवटी रंगासाठी झाकण काढून.

अडतंय ते इथे. रस्सा तुकडे बुडेपर्यंत ओतला की तळची पारी लगदा होते. निम्म्यापर्यंतच ठेवला तर वरचे बटाटे कोरडे, काळपट. वरच्या पारीच्या मधल्या भोकातून 3 तासांनी उकळता रस्सा घातला, तर भोकाभोवतीची पारी खचली. तळ आधी भाजून घेतला की कडा वरच्या पारीला चिकटत नाहीत, तो उपाय बाद.

ओव्हनचा पंखा बंद होत नाही. शिकारीचं मांस मिळत नाही. मैदा लावून रस्सा दाट करायचा नाही.

तर तळाची पारी ठेवून रस्सा नेमका कुठल्या पातळीपर्यंत भरता, आणि उरलेला कितव्या तासाला, किती घालता?