तंबाखू, तेशुवा आणि बळ: ते आतूनच येतं का?

कळवेकर
माझी तंबाखू सुटत नाहीये, म्हणून हा धागा. लहानपणी ठाण्यात शेजारी बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंब होतं. त्यांचे आजोबा योम किप्पुरला, ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाला, दारफाळणीचा सण म्हणायचे, म्हणजे दार बंद होण्याचा. पांढरे कपडे, २५ तास निर्जळी उपास. त्यांनी सांगितलेली तल्मूद या ज्यू धर्मग्रंथातली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. एलाजार बेन दुर्दया नावाचा बाहेरख्याली माणूस. उपरती, ज्यूंच्या भाषेत तेशुवा, झाल्यावर डोंगरांना विनवतो, माझ्यासाठी दया मागा. डोंगर म्हणतात, आम्हाला आमचंच पडलंय. आकाश-धरती, सूर्य-चंद्र, तारे, सगळ्यांचं तेच. शेवटी तो म्हणतो, हे फक्त माझ्यावरच आहे, आणि गुडघ्यांत डोकं घालून रडतो.
माझं मत: बळ आतूनच यावं लागतं. व्यसनमुक्तीचे गट, अ‍ॅप, बायकोने घातलेल्या शपथा हे सगळे डोंगर.

तिरकस
गोष्ट अर्धीच सांगितलीत. तो रडता रडता मरतो! दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला टपरीसमोरून जायचं नव्हतं. १२व्या शतकातला ज्यू धर्मशास्त्री मैमोनिदेस म्हणतो, पुन्हा तोच प्रसंग आला, तीच संधी, अंगात तीच ताकद, आणि तरी केलं नाही, तर ती पुरी तेशुवा. हे उमाळ्याचं काम नाही, सरावाचं आहे. १९व्या शतकात लिथुआनियात रब्बी (ज्यू धर्मगुरू) सालांतर यांनी एक पद्धत उचलून धरली: १३ गुण, आठवड्याला एक, रोज रात्री वहीत हिशेब. वर्षात चार फेऱ्या.

कळवेकर
वही केली होती. चौथ्या दिवशी वहीच सापडेना. आणि तुम्हीही अर्धंच सांगताय. तो मेल्यावर आकाशवाणी होते, त्याला परलोकात जागा मिळते. ते ऐकून रब्बी यहूदा हनासी रडले: कुणाला ते मिळवायला वर्षानुवर्षं लागतात, कुणाला एक घटका.

नवगावकर (सध्या अश्दोद, इस्राएल)
दोघंही माणूस एकटाच आहे असं धरून चाललाय. योम किप्पुरची पापकबुली 'आम्ही' म्हणून असते, प्रत्येक शब्दाला छातीवर मूठ. आणि माणसाने माणसाचं केलेलं वाईट उपासाने फिटत नाही, त्याची समजूत काढावी लागते. त्याने नाही ऐकलं तर तीन मित्र घेऊन जायचं, तीनदा.
माझे वडील आणि काका वाडीच्या हिश्शावरून नऊ वर्षं बोलत नव्हते. वडील एकटे दोनदा काकांच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले. मग एका सणाला मित्रांनी अक्षरशः दंडाला धरून नेलं. काकांनी तांब्याभर पाणी दिलं, बोलले काहीच नाहीत. उपास लागायला तासभर होता. वडील ते सगळं पाणी प्यायले.

कळवेकर
मित्रांनी दारापर्यंत नेलं, कबूल. तोंड कुणी उघडलं?

नवगावकर
वडिलांनीच. पण एकटे गेले तेव्हा दोन्ही वेळा उघडलं नव्हतं.

तिरकस
कळवेकर, टपरी स्टेशनच्या पूर्वेला का पश्चिमेला? मी खारेगावात राहतो. उद्या संध्याकाळी सातला येतो, तुमच्याबरोबर चालत पुढे जाऊ.

कळवेकर
पश्चिमेला. तिथला पोरगा मला बघितलं की न मागताच पुडी पुढे करतो, तेवढं सांभाळा. या. मत मात्र माझं तेच आहे.