चतुर्ध्रुवी क्रम म्यूऑनला जाणवत नसेल, तर त्याच्यावर म्यूऑनचे प्रयोग कशासाठी?

प्रश्न (पदव्युत्तर विद्यार्थिनी)

सिरियम हेक्साबोराइड या संयुगात सुमारे ३.३ केल्व्हिनखाली चतुर्ध्रुवी क्रम (इलेक्ट्रॉनांच्या भारवितरणाच्या आकारांची नियमित मांडणी) आणि सुमारे २.३ केल्व्हिनखाली प्रतिलोहचुंबकीय क्रम (चुंबकीय परिबलांची एकमेकांना रद्द करणारी मांडणी) येतो, असे मी वाचले. म्यूऑन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण जड मूलकण) याचे स्पिन १/२ असल्याने त्याला विद्युत चतुर्ध्रुव परिबल नसते. म्हणजे त्याला फक्त चुंबकीय क्षेत्र कळते. मग पहिल्या संक्रमणाविषयी म्यूऑन काय सांगू शकणार? जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

उत्तर १ (या प्रयोगांवर काम केलेला)

आपले निरीक्षण बरोबर आहे, आणि या पद्धतीचे बळ नेमके त्यातच आहे. संपूर्ण ध्रुवित (सर्वांचे स्पिन एकाच दिशेला असलेले) धन म्यूऑन नमुन्यात थांबतात, तेथील स्थानिक चुंबकीय क्षेत्राभोवती त्यांचे स्पिन फिरते (१ टेस्लाला सेकंदाला सुमारे १३.५५ कोटी फेऱ्या), आणि सरासरी २.२ मायक्रोसेकंदांनी ऱ्हास होताना पॉझिट्रॉन प्रामुख्याने स्पिनच्या दिशेने बाहेर पडतो; त्यामुळे पॉझिट्रॉन मोजले की आतले क्षेत्र समजते. बाहेरून क्षेत्र लावावेच लागत नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण न्यूट्रॉन विवर्तनात या संयुगाचा चतुर्ध्रुवी क्रम बराच काळ फक्त बाह्य क्षेत्राने निर्माण केलेल्या द्विध्रुवांच्या आधारेच ओळखता येत होता.

शून्य क्षेत्रात ३.३ केल्व्हिनखाली विशिष्ट उष्णतेत संक्रमणाची स्पष्ट खूण दिसते, पण म्यूऑनला स्थिर अंतर्गत क्षेत्र आढळत नाही. २.३ केल्व्हिनखाली मात्र स्पिनची आपोआप सुरू झालेली परिभ्रमणे दिसतात, तीही एकाहून अधिक वारंवारतांची. वरच्या संक्रमणात काळाच्या उलटीकरणाची सममिती मोडत नाही (काळ उलटला की चुंबकीय परिबल उलटते, भाराचा आकार तसाच राहतो), म्हणजे क्रम सिरियमच्या आतल्या ४एफ कवचातील इलेक्ट्रॉनांच्या विद्युतभाराच्या आकाराचा आहे, चुंबकीय परिबलांचा नाही, हा निष्कर्ष या दोन नोंदी शेजारी ठेवल्यावर निघतो.

उत्तर २

वरील उत्तराला एक सावधगिरी जोडतो. म्यूऑन स्वतः धनभारित असल्याने शेजारच्या आयनांचे स्फटिक क्षेत्र (भोवतालच्या भारांचे विद्युत क्षेत्र) तो बदलतो. सिरियमचा त्रिसंयुज आयन एका ४एफ इलेक्ट्रॉनचा, म्हणून क्रॅमर्सच्या प्रमेयानुसार त्याची किमान द्विपदी अवनती (निदान दोन अवस्थांची ऊर्जा समान असणे) कोणतेही विद्युत क्षेत्र मोडू शकत नाही. प्रासिओडिमियममध्ये दोन ४एफ इलेक्ट्रॉन असतात आणि हे संरक्षण नसते. पीआर-एनआय-५ या प्रासिओडिमियम-निकेल संयुगात म्यूऑनजवळच्या प्रासिओडिमियमची चुंबकीय संवेदनक्षमता (लावलेल्या क्षेत्राला मिळणारा चुंबकीय प्रतिसाद) म्यूऑनमुळेच बदललेली आढळली होती. चतुर्ध्रुवी क्रमासाठी अभ्यासल्या जाणाऱ्या प्रासिओडिमियम संयुगांत हा धोका विशेष मोठा आहे, म्हणून वेगवेगळ्या तापमानांना नाइट विस्थापन (बाह्य क्षेत्रात म्यूऑनच्या वारंवारतेत नमुन्यामुळे पडणारा फरक) आणि मोठ्या नमुन्याची संवेदनक्षमता यांची तुलना केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. पण क्षेत्र इतके दुर्बळ असेल की दिसतच नाही, अशी शक्यता कशी वगळायची?

उत्तर १

ती पूर्णपणे वगळता येत नाही. एक वरची मर्यादा तेवढी घालता येते. बोरॉनच्या अणुकेंद्रांची दुर्बळ, विखुरलेली क्षेत्रे सर्व तापमानांना असतातच आणि म्यूऑनचे ध्रुवण हळूहळू कमी करतात, त्यामुळे नव्या क्षेत्राची भर त्या पार्श्वभूमीपेक्षा ठळक असावी लागते. शिवाय सममितीमुळे म्यूऑनच्या जागी क्षेत्रे एकमेकांना रद्द करत नाहीत ना, हेही तपासावे लागते. शिथिलन (ध्रुवणाचे हे कमी होणे) स्थिर क्षेत्रांमुळे आहे की चढउतारांमुळे, हे स्पिनच्या दिशेने क्षेत्र लावून ओळखतात. स्थिर आणि दुर्बळ क्षेत्र असेल, तर तुलनेने लहान बाह्य क्षेत्रातच ध्रुवण टिकून राहते.

याच कुळातले लँथॅनम मिसळलेले संयुग जरूर पाहावे. सिरियमच्या जागी ३० टक्के लँथॅनम घातल्यावर सुमारे दीड केल्व्हिनखाली जी अवस्था येते, तीत म्यूऑनला अंतर्गत क्षेत्र सापडले, पण नेहमीचा द्विध्रुवी क्रम न्यूट्रॉनला सापडला नाही. अष्टध्रुवी (द्विध्रुव व चतुर्ध्रुव यांच्यापुढच्या, अधिक गुंतागुंतीच्या वितरणाच्या) क्रमाचा विचार त्यातूनच बळावला, कारण चुंबकीय अष्टध्रुव काळाच्या उलटीकरणाची सममिती मोडतो आणि म्यूऑनच्या जागी क्षेत्र निर्माण करू शकतो.